सादळण्यापूर्वी

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात पावसाळ्याचे चार महिने काडेपेटीपासून पापडापर्यंत सारे काही सादळते. अशा हवेत फ्लॉवरचे तुरे कुरकुरीत तळण्याचा नाद आम्हांस लागला. फ्लॉवरमध्ये शंभरांत सुमारे ९२ भाग पाणीच असते. त्यामुळे पहिल्या काही खेपा वाया गेल्या. आम्ही चूक पिठात शोधत होतो, ती पाण्यात होती.

कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने घराघरांत रुजवलेले वाटी-चमच्याचे माप आम्हीही हाती घेतले. मिठाच्या उकळत्या पाण्यात तुरे २ मिनिटे ठेवून काढायचे आणि पंचावर पसरून पुरते कोरडे करायचे. मग २ वाट्या तांदळाची पिठी व १ वाटी कॉर्नफ्लोअर यांच्या सरसरीत पिठात ते घोळवायचे. तांदळात ग्लुटेन नसते, म्हणून कवच चिवट होत नाही. तळायचे दोनदा : आधी मध्यम आचेवर, आतले शिजण्यापुरते, थोडे निवल्यावर पुन्हा कडक तेलात, कवचातले उरलेले पाणी घालवण्यासाठी.

एवढे करूनही पानात येईतो तुरे मऊ पडत. कृती आमची असली, तरी कढईपाशी उभी असे ती आई. आणि तळलेल्यावर ती झाकण ठेवी. धाटावच्या कारखान्यातून पाळी संपवून येणाऱ्या माणसासाठी अन्न झाकून राखावे, ही तिची जन्माची रीत. झाकणाखाली वाफेचे पुन्हा पाणी होई. आम्ही तिला झाकण काढायला सांगितले. ती स्वतः केव्हा जेवते, हे मात्र विचारले नाही.

आस्वादाविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. रसिकाची पात्रता, त्याचे संस्कार, त्याची तयारी यांची चर्चा होते. त्याच्यापुढे पान वेळेवर आले का, हा प्रश्न आम्हांस तरी त्या चर्चेत कधी सुचला नव्हता.

श्रावणातल्या एका संध्याकाळी झारा आम्ही घेतला आणि आईला आधी बसवले. कढईतून निघालेला तुरा तिने चावला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “असा लागतो होय!”

आमचे पान शेवटी वाढले गेले. तोवर तुरे सादळले होते.