गब्बरचं पोतं

साताऱ्याच्या त्या घरात आला तेव्हा गब्बर दोन महिन्यांचा होता. पहिल्याच संध्याकाळी त्याने आपली वाटी संपवली, मांजरासाठी ठेवलेलं दूध संपवलं आणि आजींच्या जपमाळेचा गोंडा गिळला. या पिवळ्या लॅब्रॅडॉरचं नाव घरातल्या शेंडेफळाने ठेवलं होतं. नावासारखा दरारा मात्र त्याला फक्त चपातीच्या डब्यावरच गाजवता आला.

त्याने काय खावं यावरून घरात दोन तट पडले. आजी दूधभाताच्या. ‘आमच्या वाड्यावरचा राजा बारा वर्षं दूधभातावर जगला, त्याला कुठे होतं तुमचं पोतं?’ शिवाय पॅकेटच्या दाण्यांनी अंगात उष्णता होते, यावर त्या ठाम. सून ड्राय फूडच्या बाजूची. ‘आई, राजा आणखी काय खायचा ते आठवून सांगा,’ असं तिने एकदा विचारलं, तेव्हा राजाची दुपार गल्लीतल्या खाटकाच्या ओट्याखाली जायची, हेही बाहेर आलं.

तरी आजींचा भात अगदीच टाकाऊ नव्हता. कुत्र्याला भात पचतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्याहून कितीतरी जास्त. माणसाच्या सोबतीने राहून कमावलेली ही देणगी. पण पचणं वेगळं आणि पुरणं वेगळं. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात जेमतेम तीन ग्रॅम प्रथिन. पाणी वगळून हिशेब केला तरी ते नऊ टक्क्यांच्या आसपास जातं. अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेचं, म्हणजे ‘आफ्को’चं मोजमाप असं, की पाणी वगळलेल्या खाद्यात पिल्लासाठी किमान २२.५ टक्के आणि मोठ्या कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिन हवं. गब्बर तर आठवड्यागणिक वाढत होता.

कोरड्या दाण्यांचं पोतं आलं. आजींनी नमतं घेतलं, पण रविवारचा भाताचा घास सोडला नाही. कोणी सोडायलाही लावला नाही.

चौथ्या महिन्यात वेगळाच घोटाळा होऊ घातला. ‘मोठ्या हाडाचा कुत्रा आहे, द्यायलाच हवं,’ म्हणून कुणीतरी कॅल्शियमचं सिरप आणून दिलं. आपल्याकडे पिल्लू घेतलं की ही बाटली आहेरासारखी मागोमाग येते. डॉक्टरांनी ती बंद करायला लावली. पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं आणि कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं त्याने बिघडू शकतात. जास्त प्रथिनाने पाय वाकडे होतात, हा समज मात्र उगाच पसरलेला. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात ग्रेट डेन पिल्लांना साधारण १५ ते ३२ टक्के प्रथिनाचे वेगवेगळे आहार देऊन पाहिले, हाडांच्या वाढीत त्यामुळे बिघाड दिसला नाही. तिथल्याच प्रयोगांत जादा कॅल्शियमने मात्र हाडं बिघडली.

घरातल्या थोरल्या मुलाला पोत्यावरचे आकडे वाचायचा नाद लागला. दुकानातलं ग्रेव्हीचं पाकीट उचलून तो म्हणाला, ‘यात आठच टक्के प्रथिन, फसवतात!’ पण त्या पाकिटात ८० टक्के पाणी होतं. उरलेल्या २० भागांतले ८ म्हणजे ४० टक्के झाले. कोरड्या दाण्यात पाणी दहाएक टक्केच, म्हणून तिथला २४ चा आकडा हिशेबानंतर २७ च्या जवळ जातो. पाणी वजा केल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आणि ‘क्रूड प्रोटीन’ ही काही मांसाची ग्वाही नव्हे. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १८८३ साली काढलेल्या पद्धतीने नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, ही जुनी रीत. नायट्रोजन कोंबडीतून आला की पिसांतून, हे तिला कळत नाही. २००७ साली चीनहून अमेरिकेत गेलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये आकडा फुगवण्यासाठी मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळलं होतं. ते ग्लूटेन घातलेल्या खाद्याने मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्री-मांजरं मेली आणि लाखो पाकिटं बाजारातून मागे घ्यावी लागली. म्हणून आकड्याबरोबर घटकांची यादीही वाचायची. पहिल्या दोन-तीन नावांत मांस, मासे किंवा अंडं दिसलं तर बरं.

गब्बर वर्षाचा झाल्यावर त्याला मोठ्यांच्या खाद्यावर आणलं, आठवडाभर जुन्यात नवं मिसळत. इथून पुढे प्रश्न प्रथिनाचा राहिला नाही, मापाचा झाला. लॅब्रॅडॉरची भूक ही निव्वळ हावरट सवय नव्हे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की सुमारे पाव लॅब्रॅडॉरांमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. गब्बर त्या पावातला होता का, हे कुणी तपासलं नाही. गणपतीत त्याने एकवीस मोदकांचं ताट रिकामं केलं, एवढा पुरावा घराला पुरला. वजन ३८ किलोवर गेलं आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याच्या सेवेत रुजू झाला. नसबंदी झालेल्या, घरात लोळणाऱ्या तीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास दाणे पुरतात. चपातीचे तुकडे त्याच हिशेबातून वजा होऊ लागले. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरांवर चाललेल्या एका दीर्घ अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणारी भावंडं जवळपास दोन वर्षं जास्त जगली. हे ऐकून आजी म्हणाल्या, ‘एकादशी तेवढ्यासाठीच असते.’

म्हातारपणी शेजाऱ्यांचा सल्ला आला, की किडनीसाठी आता प्रथिन तोडा. रक्ततपासणी चांगली निघाली, म्हणून डॉक्टरांनी तोडलं नाही. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू आधीच झडत असतात. बाराव्या वर्षी किडनी खरोखर थकली, तेव्हा फॉस्फरस कमी आणि प्रथिन बेताचं असलेलं खाद्य सुरू झालं. तेराव्या वर्षी गब्बर गेला.

आता त्या घरात रस्त्यावरून आणलेली एक लहान कुत्री आहे. तिच्यासाठी सून दुकानात गेली तेव्हा मालकाने बरणीतले सुटे दाणे किलोवर देऊ केले. पोत्यापेक्षा स्वस्त होते. तिने घेतले नाहीत, तुम्हीही घेऊ नका. किती प्रथिन, कोणत्या वयासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत हे त्या बरणीवर लिहिलेलं नसतं.