डेल्को

अब्बांची पद्मिनी अजून आमच्या दारात उभी आहे. 1996 सालची, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. त्या कारखान्यात आता पद्मिनी बनत नाही आणि मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. अब्बांच्या इंतकालानंतर लोक म्हणाले, भंगारात द्या. पण अम्मींना दर महिन्याला डोळ्यांच्या इलाजासाठी धुळ्याला न्यावे लागते आणि पारोळ्याच्या स्टँडवर एसटीत चढणे त्यांना जमत नाही. म्हणून गाडी राहिली.

गेल्या हिवाळ्यात इंजिनाच्या बाजूने तेल पाझरू लागले. आम्ही कपड्याने पुसत राहिलो. एके दिवशी हायवेवर मुकटीच्या अलीकडे गाडी धक्के खाऊन बंद पडली. शेजारून कंटेनर धडधडत जात होते आणि अम्मी मागे तसबीह हातात घेऊन गप्प बसल्या होत्या. तेव्हा कळले की पुसण्याने भागणार नाही.

तेल डेल्कोतून गळत होते. कोणत्या प्लगला केव्हा ठिणगी द्यायची हे ठरवणाऱ्या भागाला आपले मिस्त्री डेल्को म्हणतात. हे नाव अमेरिकेतल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीच्या आद्याक्षरांवरून आले. 1909 साली ती काढणाऱ्यांपैकी चार्ल्स केटरिंग हे कॉलेजात जाण्यापूर्वी शाळामास्तर होते, हे वाचून आम्हाला उगाच हुरूप आला. आमच्या डेल्कोच्या शाफ्टची बुश झिजली होती. तेल वर चढून पॉइंटवर येई आणि ठिणगी चुके.

नवा डेल्को मिळेना. एका नातेवाइकाने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना, पण घट्ट बुशचा आणून दिला. आम्ही बी.एड. झालेले, उर्दू शाळेत गणित-विज्ञान शिकवणारे. चार ठोक्यांचे इंजिन फळ्यावर दरवर्षी काढतो. मिस्त्री कशाला हवा? रविवारी जुना डेल्को काढला, गाडी गिअरमध्ये टाकून ढकलत टायमिंगची खूण जुळवली आणि दुसरा बसवला. स्टार्टर मारला तर कार्ब्युरेटरमधून फटाका फुटावा तसा आवाज झाला. गल्लीतली पोरे हसली. संध्याकाळपर्यंत बॅटरी बसली. मंगळवारी अम्मींची तारीख होती.

शेवटी बायपासजवळच्या गॅरेजमधून एक मुलगा आला. ओळखायला वेळ लागला. आमचाच विद्यार्थी. आठवीत यायचा बंद झाला तेव्हा हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ हा शेरा आम्हीच लिहिला होता.

त्याने पहिला प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि आम्हाला गाडी हळूहळू ढकलायला सांगितली. मग म्हणाला, “सर, एक और चार दोनों साथ ऊपर आते हैं. हवा किसमें है, वो देखना पडता.”

आम्ही चूप. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा डेल्कोचा एक. खूण दोन्ही फेऱ्यांत जुळते, पण एकदाच पहिल्या सिलिंडरमध्ये हवा दाबली गेलेली असते. आम्ही नेमका दुसरा फेरा धरला होता. हे आम्ही शिकवतो, तरी अंगठा ठेवायचे सुचले नव्हते.

त्याने डेल्को पुन्हा बसवला, पॉइंटचा गॅप पाहिला आणि एक साधा बल्ब लावला. एक तार पॉइंटच्या वायरीला, दुसरी बॉडीला. चावी चालू करून डेल्को केसभर फिरवला. पॉइंट उघडला त्या क्षणी बल्ब पेटला. पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडायला हवी, कारण पेट्रोलला जळायला वेळ लागतो. उशीर झाला तर जोर वाया जातो, फार लवकर पडली तर इंजिन ठोकते. त्याने बोल्ट आवळला. पहिल्याच स्टार्टरला गाडी लागली.

पैसे घेईना. शाळा का सोडलीस, हे तेव्हा आम्ही पहिल्यांदा विचारले. वडील आजारी होते, तो म्हणाला. आमच्या शाळेपासून त्याचे घर पाच मिनिटांवर आहे. त्या वर्षी आम्ही एकदाही गेलो नव्हतो.

2006 च्या सच्चर अहवालात लिहिले होते की 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती. त्यावर आम्ही भाषणेही केली. पण त्या टक्क्यांतला एक आमच्याच हजेरीपटावर होता.

त्याला आयटीआय करायचे आहे, पण मोटार मेकॅनिकच्या कोर्सला दहावी पास लागते. आम्ही त्याच्यासाठी 17 नंबरच्या फॉर्मची चौकशी केली. आता दर जुम्म्याला गॅरेज बंद असते तेव्हा नमाजनंतर तो वही घेऊन येतो. पहिल्या दिवशी कोन शिकवायचा होता. आम्ही पद्मिनीचे बॉनेट उघडले.

बीजगणित त्याला अजून जड जाते. दोनदा तो आला नाही. दोन्ही वेळा आम्ही त्याच्या घरी गेलो.