कणीचं गणित

आमच्या भंडाऱ्याकडे धान भरडलं की तांदूळ एकीकडे आणि कणी दुसरीकडे. कणीला मोल कमी. थोडी घरात रांधायची, बाकी कोंबड्यांना.

पण मंडळी, आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला सेनेगल देश आहे. तिथले लोक कणीचाच भात मासळीबरोबर आवडीने खातात आणि ती कणी भारतातूनही जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सरकारने कणीची निर्यात बंद केली. दिलेल्या कारणांत कोंबडीखाद्य होतं, तसंच पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉलही होतं. बंदी उठली ती थेट मार्च २०२५ मध्ये. मक्याचंही तेच. आपण मका विकणारे, पण इथेनॉलची मागणी वाढली आणि २०२४ मध्ये म्यानमार, युक्रेनकडून घ्यावा लागला.

जुन्या सवयीने गणित मांडून पाहिलं. एक टन तांदळातून साधारण साडेचारशे लिटर इथेनॉल निघतं. स्कूटरच्या पाच लिटरच्या टाकीत वीस टक्क्यांनी एक लिटर इथेनॉल. ते तांदळाचं असेल तर सव्वादोन किलो तांदूळ झाला. दोन-सव्वादोन टाक्यांत एका माणसाचं महिन्याचं पाच किलो रेशन!

दुसरा आकडा भावाचा. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी गोदामातल्या तांदळाचा इथेनॉलसाठीचा दर ठरला क्विंटलला २,२५० रुपये. त्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव होता २,३००. म्हणजे धानापेक्षा तांदूळ स्वस्त. फरक कुणी भरला? तुम्ही-आम्हीच.

इथेनॉल वाईट असं मी म्हणत नाही. परदेशी तेलावरचा पैसा वाचतो, आणि धान्य गोदामात सडण्यापेक्षा हे बरं. पण १९८८ मध्ये गोसीखुर्दची पायाभरणी झाली, पुढे भंडारा-नागपूरकडची गावं पाण्याखाली गेली, ती बांध्यांना पाणी मिळावं म्हणून. त्या पाण्यावरचा तांदूळ आधी ताटात जावा, मग शेजाऱ्यांच्या ताटात, आणि उरला तर टाकीत.

जुलै २०२३ मध्ये भाव चढले, तेव्हा सरकारी तांदूळ इथेनॉलला देणं थांबलं. पण त्याच महिन्यात बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही बंद झाली. टाकी आणि परक्याचं ताट, दोघांना एकच न्याय. हे काही मला पटत नाही.

असो. तुमचं मत जरूर कळवा.