उसनी हार्ड डिस्क

भाचीला कॉम्प्युटर जुळवायचा आहे, पण कॉलेज सुरू झाल्यावर. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि तिचा जीव वरखाली झाला. "मामा, आत्ताच घेऊन ठेवू का?" माझ्या तोंडून आपसूक निघालं, "प्रोसेसर आहे?"

हा प्रश्न माझा नाही.

2011 चा उन्हाळा. शिकवण्यांचे पैसे आले की दर महिन्याला एकेक भाग घ्यायचा आणि दिवाळीत सगळं जोडायचं, असा माझा बेत. डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मदरबोर्ड मागितला. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "प्रोसेसर आहे?" नव्हता. "रॅम?" तीही नव्हती. "मग बोर्ड चालतो की नाही हे तुला दिवाळीत कळणार! वॉरंटी आजच्या बिलापासून चालू होते रे. खोक्यात ठेवलास म्हणून ती थांबत नाही." कॅबिनेट मात्र घेऊन जा म्हणाले, पत्र्याला काही होत नाही. बाकीचं एका दिवशी, इथेच जोडून, चालू झालेलं बघून न्यायचं. दारात आलेलं गिऱ्हाईक त्यांनी असं परत पाठवलं. मी रिकामा कॅबिनेट मांडीवर घेऊन घरी आलो.

ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला. बँकॉकच्या उत्तरेकडचे हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले. नोव्हेंबरात पैसे घेऊन गेलो तेव्हा रॅम खूप उतरली होती, पण हार्ड डिस्कचा भाव दुप्पट झालेला. माझा हिशोबच कोलमडला. "तुमचं ऐकलं म्हणून हे झालं," मी भर दुकानात म्हणालो. त्यांच्याएवढ्या माणसाला असं बोलायला नको होतं. पूर येणार हे त्यांना तरी कुठून ठाऊक असणार? भावाचं त्यांनी काही सांगितलंच नव्हतं; वस्तू वापरायला लागशील तेव्हा घे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

काका काही बोलले नाहीत. माळ्यावरून जुनी 80 जीबीची हार्ड डिस्क काढली, फडक्याने पुसली, लावून तपासली. निळ्या मार्करने तिच्यावर तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'चालू'. "भाव उतरला की नवी घे. तेव्हा ही आणून दे." पैसे घेतले नाहीत, माझं नावसुद्धा विचारलं नाही. माझे पहिले सगळे प्रोग्राम त्या डिस्कवर उतरले.

भाव खाली यायला पुढचं बरंचसं वर्ष गेलं. नवी डिस्क घ्यायला गेलो तेव्हा जुनी वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर नेली होती. माफी मागायची, असं गाडीतच ठरवलं होतं. दुकानात पोचलो तर काउंटरपाशी एक मुलगा मुठीत पैसे धरून उभा होता, आणि काका त्याला विचारत होते, "प्रोसेसर आहे?"

मी त्याच्या मागे उभा राहिलो.