सुगंध आणि डॉक्टरचं नाक

मला अत्तराची भारी आवड आहे. उन्हाळ्यात वाळ्याचं, थंडीत हिन्याचं. पण दवाखान्यात जाताना मी कुठलंच लावत नाही. एक तर उग्र वासाने दम्याच्या काही रुग्णांना धाप लागते. दुसरं म्हणजे नाक मोकळं हवं. मधुमेह फार बिघडला की रक्तात कीटोन वाढतात आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येऊ शकतो. तो वेळीच ओळखला तर जीव वाचतो.

घामाच्या वासामुळे संकोचलेली कॉलेजची मुलं माझ्याकडे येतात. त्यांना मी सांगते, ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या घामाचं त्वचेवरचे जिवाणू विघटन करतात, तेव्हा वास सुटतो. डिओडरंट जिवाणू कमी करतो आणि वास झाकतो. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिका काही काळ बंद करतात, म्हणून ते रात्री कोरड्या काखेत लावावं. खाज किंवा लाली आली तर लगेच थांबवा.

सुगंध जरूर लावा, पण अंगाचा किंवा श्वासाचा वास अचानक बदलला तर तो झाकू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.