बिघडला तर पाहणार कोण?

रेडीमेड सदरा घ्यावा की कापड आणून शिंप्याकडे टाकावे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. रेडीमेडवाला म्हणतो, पैसे टाका नि घालून चला. शिंपीवाला म्हणतो, माप माझे, कापडही माझ्या पसंतीचे. हाच वाद २०२४ च्या दिवाळीत आमच्या घरी संगणकावरून रंगला आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून त्याचा हिशेब माझ्याकडे आला.

आमचे घर सिल्वासातील डोकमर्डीत. अप्पा बेळगावकडून इथल्या धाग्याच्या कारखान्यात नोकरीला आले. त्यामुळे मी सुट्टीत इकडे आणि कॉलेजच्या दिवसांत तिकडे. घरात अप्पांशी मराठी, आईशी कानडी आणि उंबरा ओलांडला की गुजराती! संगणक हवा होता ताईला. बी.कॉम. होऊन ती तीन दुकानदारांचे हिशेब घरी बसून लिहू लागणार होती. पैसे अप्पांच्या बोनसचे, म्हणजे वर्षातून एकदाच येणारे.

आमच्या परिव्यय लेखाशास्त्रात 'स्वतः करावे की विकत घ्यावे' असा एक प्रश्न असतो. मी वहीत दोन रकाने पाडले. तयार संगणक ४६,००० रुपयांना, विंडोजसह. सुटे भाग ३४,५०० रुपयांना. अप्पा खूश झाले. पण टॅलीला विंडोज लागते आणि सुट्या भागांबरोबर तिचा परवाना येत नाही. तो सुमारे १०,००० रुपयांचा. शिवाय मुंबईला जाण्यायेण्याचे भाडे. बेरीज केली तर बचत जेमतेम चहापाण्यापुरती उरली! 'जोडलेला स्वस्त पडतो' असे म्हणणारे बहुधा हा परवाना हिशेबात धरतच नाहीत.

तरीही माझा कल जोडण्याकडे होता. तयार संगणक तरी काय असतो? १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीतही प्रोसेसर इंटेलचा आणि डॉस मायक्रोसॉफ्टची होती. आपल्या पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली, कारण देशाला हवा तो महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्यातले प्रोसेसर इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते. त्यांना एकत्र कामाला लावण्याची विद्या आपली होती. म्हणजे जोडणे हे काही कमी दर्जाचे काम नव्हे.

आणखी एक कारण होते. काही तयार संगणकांत बोर्ड आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचे असतात. हमी संपल्यावर बाजारातला भाग त्यांत बसत नाही. जोडलेल्या यंत्रात जे बिघडेल तेवढेच बदलता येते.

हे सारे मी मोठ्या ऐटीत सांगितले. आई पोळ्या लाटत ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "केट्टर यार नोडतार?" बिघडला तर पाहणार कोण?

वहीतल्या दोन्ही रकान्यांत या प्रश्नाला जागा नव्हती. तयार यंत्राच्या किमतीत कंपनीची जबाबदारीही धरलेली असते; एक फोन केला की काम होते. जोडलेल्यात प्रत्येक भागाची हमी वेगळी, बिल वेगळे; आणि दोष कोणत्या भागाचा हे आधी आपणच शोधायचे. मी तर असणार बेळगावला! जीएसटीचे ३बी विवरणपत्र महिन्याच्या २० तारखेला भरायचे आणि १९ ला यंत्र बंद पडले, तर ताईने काय करावे?

ताईच म्हणाली, "मग मीच जोडते. तू नुसता शेजारी बस."

वापीहून गाडीने आम्ही दोघे मुंबई सेंट्रलला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरची दुकाने पालथी घातली. एकाच प्रोसेसरला डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही जातींचे बोर्ड मिळतात; पण एकीची रॅम दुसरीच्या खाचेत बसत नाही. हे ताईने दुकानदाराला दोनदा विचारून घेतले. मराठी माध्यमातल्या आम्हा भावंडांना त्या इंग्रजी नावांचा आधी धाक वाटे. वस्तू हातात आल्यावर तो गेला. घरी सगळे स्क्रू ताईने आवळले आणि बिले एका फाइलीत लावली.

२०२५ च्या जुलैत, भर पावसात, पडदा काळाच राहिला. तारीख १८. ताईचा मला फोन आला तो काम झाल्यावर! तिने रॅम काढून तिच्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या, पुन्हा बसवली आणि यंत्र सुरू झाले.

पुढे तिच्याकडे हिशेब देणाऱ्या किराणावाल्या काकांनी सल्ला विचारला, तेव्हा ताईने त्यांना तयार संगणकच घ्यायला सांगितले. काकांना दुकान सोडून डबा उघडायला वेळ नाही, आवडही नाही. मला तिचा निवाडा पटला. जो वापरणार तोच जोडणार असेल, तर जोडावा. एरवी कंपनीला पैसे देऊन तिची जबाबदारी विकत घ्यावी. दोन्हींत कमीपणा नाही. फक्त आईचा प्रश्न पैसे मोजण्याआधी विचारावा.