सिस्टरांचं देणं

माझ्या हस्ताक्षराचं कोणी कौतुक केलं की मी सांगते, हे अक्षर वसईच्या सिस्टरांचं आहे. तिथल्या चर्चच्या मराठी प्राथमिक शाळेत मी त्यांच्याकडे शिकले. पुढे डी.एड. केलं, जिल्हा परिषदेत शिक्षिका झाले, प्रशिक्षणांना कितीतरी वेळा बसले. पण वर्गातल्या शेवटच्या मुलापर्यंत कसं पोचायचं, हे मला त्या सिस्टरांनीच शिकवलं. तेही मला काही शिकवत असल्याचं न दाखवता.

वडील एस.टी.त कंडक्टर. सत्तरच्या दशकात सातारा जिल्ह्यातून वसई डेपोत बदलून आले. नात्यागोत्यातलं कुणी नाही, बोलीसुद्धा अनोळखी. माझं नाव घालायला ते शाळेत गेले, तेव्हा फादरांनी आपणहून विषय काढला. "आमच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो. तुमची मुलगी त्या तासाला बसणार नाही, तिला नीतिशिक्षणाच्या वर्गात बसवू. चालेल ना?" वडिलांच्या मनात तीच शंका होती आणि ती विचारायचा संकोच वाटत होता. पालकांच्या संमतीशिवाय अनुदानित शाळेत मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, हे मी डी.एड.ला वाचलं. फादरांनी कलमाचा उल्लेखही केला नव्हता. समोरच्या माणसाला काय विचारावंसं वाटत असेल, ते ओळखून ते बोलले होते.

वर्गात ख्रिस्ती कुपारी होते, वाडवळ होते, कोळीवाड्यातली मुलं होती, मुसलमान होते, एका गुजराती किराणा दुकानदाराची दोन मुलं होती, पाड्यावरचे वारली होते आणि आमच्यासारखे घाटावरून आलेले. घरी प्रत्येकाची बोली वेगळी. पुस्तक मात्र सगळ्यांना एकच, बालभारतीचं. सरकारी शाळेतही तेच पुस्तक होतं, अभ्यासक्रमही तोच. म्हणूनच आमची शाळा चांगली कशामुळे होती, हा प्रश्न मला शिक्षिका म्हणून आजही महत्त्वाचा वाटतो.

माझं उत्तर सिस्टरांच्या एका वहीत आहे. लांबट, काळ्या पुठ्ठ्याची वही. डावीकडे एकाखाली एक मुलांची नावं, वर ओळीनं अक्षरं आणि जोडाक्षरं, मध्ये आखलेल्या चौकटी. अक्षर नुसतं ओळखलं तर चौकटीत एक टिंब. पाटीवर न बघता काढलं तर त्या टिंबाभोवती गोल. न अडखळता शब्दात वाचलं की चौकट पूर्ण भरायची. मार्क नाहीत, नंबर नाहीत. रोज मधल्या सुट्टीआधी त्या वही उघडायच्या, रिकाम्या चौकटींवरून बोट फिरवायच्या आणि दुपारी कोणाला जवळ बसवायचं ते ठरवायच्या. हुशार मुलांकडे त्या वेळी बघायच्याही नाहीत. याचा मला तेव्हा राग यायचा.

मी लवकर वाचायला लागले, म्हणून त्यांनी पाड्यावरच्या एका मुलीशेजारी मला बसवलं. "बाय, हिचं वाचून झालं की तुझं झालं असं मी धरेन." ती जोडाक्षर आलं की गप्प व्हायची. मी घाईघाईनं तिचा शब्द सांगून टाकायचे. सिस्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "तू सांगितलंस तर तो शब्द तुझाच राहतो. थांब थोडी." ते थांबणं मला फार जड गेलं. पण श्रावणातल्या एका दुपारी तिनं 'पुस्तक' हा शब्द एका दमात वाचला. आम्ही दोघींनी एवढा गलका केला की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

भातलावणीच्या दिवसांत पाड्यावरची मुलं शाळेत दिसायची नाहीत. शाळा सुटली की सिस्टर पाड्यावर जायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पांढऱ्या झग्याचा घेर धुऊनही तांबूसच दिसायचा. तिथे बांधावर बसून त्यांनी अर्धा-अर्धा तास वाचून घेतलं होतं, हे त्या मुलीनंच मला सांगितलं.

गणितात त्या वेगळीच वाट घ्यायच्या. वसईची केळी, भाजी, फुलं पहाटेच्या गाडीनं दादरला जायची आणि वर्गातल्या कित्येकांच्या आया तिथे विकायला बसायच्या. एका कुपारी मुलाला वाचता यायचं नाही. पण एका लोंगरात इतक्या फण्या, एका फणीत इतकी केळी, डझनाला अमुक भाव, तर लोंगर केवढ्याला, हे तो फळ्याकडे न बघता सांगायचा. सिस्टर त्याला पुढे उभं करून आम्हां सगळ्यांना त्याच्याकडून शिकायला लावायच्या. त्यानंतर तो वाचायलाही धिटाईनं उभा राहू लागला. हाताला पट्टीही बसायची त्या शाळेत. तिचं समर्थन मी करणार नाही. मात्र वाचता आलं नाही म्हणून ती कधी बसली नाही.

मराठी तर तिथे आग्रहानं शिकवली जायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चची उपासना लोकभाषेत आली होती आणि 'सुवार्ता' मासिक घरोघर होतं. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, हेही मी प्रथम सिस्टरांच्या तोंडून ऐकलं. मराठी ही आपलीच भाषा, हे वसईच्या ख्रिस्ती समाजाला कुणी पटवून द्यावं लागत नव्हतं. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले, तेव्हा बऱ्याच जणांना नवल वाटलं. मला आमच्या शाळेतलं शुद्धलेखन आठवलं. आज वसईत पालक इंग्रजी माध्यमाकडे वळलेत, मराठी वर्गांचा पट घटतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी नेमणूक जव्हारकडे झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तशी वही आखली. निवृत्त झालेल्या सिस्टरांना भेटायला कॉन्व्हेंटमध्ये गेले, तेव्हा ती बरोबर नेली. आपली पद्धत कुणी उचलली याचं त्यांना फारसं अप्रूप वाटलं नाही. चष्मा पुसून त्या पानं उलटू लागल्या आणि एका नावावर थांबल्या. दिवाळीनंतरच्या सगळ्या चौकटी रिकाम्या.

"हा कुठे जातो?"

"आईवडिलांबरोबर भिवंडीकडे, वीटभट्टीवर. पावसाआधी परत येतो."

"तिथे जवळ शाळा असेल की."

मी गप्प राहिले, कारण तो विचार मी केलाच नव्हता. परत आल्यावर भट्टीजवळच्या शाळेचा शोध घेतला, तिथल्या बाईंचा फोन नंबर मिळवला आणि त्या मुलाच्या रिकाम्या चौकटींची यादी त्यांना लिहून पाठवली. आता दरवर्षी दिवाळीची सुट्टी लागण्याआधी, जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे अशी एक यादी पाठवते.